व्हेपची वाफ आणि पोराचे मन



या सदरात आपण नेहमी कांद्याचे रोप, कपाशीची बोंडअळी, मक्यावरील लष्करी अळी असे विषय घेतो. आज घरातील तरण्या मुलांविषयी बोलायचे आहे. साक्री, पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर या भागांतील कितीतरी मुले शिक्षणासाठी धुळ्याला, नाशिकला राहतात. दिवाळीला घरी आलेल्या पोराच्या पिशवीत एखादी पेनासारखी नळी सापडते. तिला आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास येतो. विचारले तर तो म्हणतो, "सिगारेट नाही, नुसती वाफ आहे." हे खरे का, असे काही पालकांनी विचारले आहे. त्याचे हे उत्तर.

या नळीला व्हेप किंवा ई-सिगारेट म्हणतात. आत छोटी बॅटरी, तारेचे वेटोळे आणि पातळ द्रव असतो. ओढले की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती छातीत जाते. धूर नाही, राख नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. परंतु ही पाण्याची वाफ नव्हे. बहुतेक द्रवांत निकोटीन असते, शिवाय तापलेल्या तारेतून धातूचे बारीक कणही फुप्फुसात जातात.

निकोटीन आपल्याला नवे नाही. माव्यावर तंबाखूचा काढा फवारलेली माणसे आजही गावोगाव आहेत. निकोटीन सल्फेट तर कीटकनाशक म्हणूनच विकले जात असे. आपण वापरतो ते इमिडाक्लोप्रिड निकोटीनच्याच धर्तीवर तयार केलेले आहे. दोन्ही किडीच्या मज्जातंतूंवर एकाच जागी घाव घालतात. फवारणीच्या वेळी आपण नाकातोंडाला फडके बांधतो, आणि पोरगा निकोटीन मुद्दाम छातीत ओढतो. त्या द्रवाची बाटली लहान लेकराने तोंडाला लावली तर जिवावर बेतू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

आता मनाची गोष्ट. माणसाच्या मेंदूची वाढ साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. कोवळ्या रोपाला तणनाशक लागले तर ते जसे जून झाडापेक्षा लवकर बिघडते, तसेच कोवळ्या मेंदूला निकोटीनची सवय लवकर जडते. मुले म्हणतात, "ओढले की टेन्शन जाते." यात फसगत आहे. ओढल्यावर काही सेकंदांत बरे वाटते. थोड्या वेळाने निकोटीन उतरले की चिडचिड, बेचैनी सुरू होते, झोप लागत नाही, अभ्यासात चित्त राहत नाही. पुन्हा ओढले की ही बेचैनी थांबते. म्हणजे नळी जे दुखणे घालवते, ते बरेचसे तिनेच दिलेले असते. मूळची काळजी, मग ती परीक्षेची असो, नोकरीची असो की घरच्या कर्जाची, तशीच राहते.

म्हणून नळी हिसकावून दोन थोबाडीत मारल्याने काम होत नाही. कांद्याच्या पातीला पीळ पडला तर आपण आधी कारण शोधतो, मगच औषध आणतो. इथेही तसेच करावे.

१) पोराशी एकटे असताना बोलावे. चारचौघांत, पाहुण्यांसमोर विषय काढू नये. "कधीपासून ओढतोस?" याआधी "काही त्रास आहे का?" हे विचारावे. मुलगी असली तरी हेच.

२) सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड फार होते. दोन ते चार आठवड्यांत ती बरीच ओसरते. तेवढे दिवस घरच्यांनी सांभाळून घ्यावे.

३) बापाच्या खिशात तंबाखूची पुडी आणि आईच्या हातात मशेरी असेल तर उपदेश कानाबाहेर जातो. सोडायचे तर सगळ्यांनी मिळून सोडावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

४) पोरगा गप्प राहतो, जेवत नाही, मित्रांत जात नाही, "जगण्यात अर्थ नाही" असे बोलतो, तर ते नखरे समजू नयेत. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत असून मराठीत बोलता येते. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. तिथे गेल्याने कोणी वेडा ठरत नाही.

५) अशा दिवसांत फवारणीची औषधे, तणनाशके घरात उघडी ठेवू नयेत. पेटीत कुलूपबंद करून किल्ली जाणत्या माणसाकडे द्यावी. मनाचा झटका बहुधा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले तर जीव वाचतो. या सदरातले दुसरे काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

राहिला कायदा. २०१९ पासून आपल्या देशात ई-सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, साठवणे, तिची जाहिरात करणे बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गावात, कॉलेजजवळ किंवा मोबाईलवरून कोणी विकत असेल तर पोलिसांना कळवावे. राग विकणाऱ्यावर काढावा, पोराला जवळ घ्यावे.

पुढील अंकी उन्हाळ कांद्याच्या रोपवाटिकेविषयी. आज संध्याकाळी मात्र औषधांच्या पेटीला कुलूप आहे का, तेवढे पाहून घ्या.