जागा कुठली घ्यायची?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. 'काय काय पाहिलंत?' आणि 'खर्च किती आला?' मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आईला घेऊन धाकट्या भावाकडे लंडनला तीन आठवडे राहून आले. परतल्यावर स्टाफरूममध्ये हे दोन्ही प्रश्न झाले. 'सहा नाटके पाहिली,' असे मी सांगताच एक सहकारी हसून म्हणाले, 'नाटकं पाहायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे काय कमी आहेत?'

प्रश्न थट्टेचा होता, पण मला तो लागला. पुणे इथून दोन-तीन तासांच्या वाटेवर असूनही वर्षाकाठी एखाददुसरेच नाटक माझ्याकडून पाहिले जाते. आणि नारायणगाव तर हाकेच्या अंतरावर. तमाशाची पंढरी म्हणून सारा महाराष्ट्र ज्या गावाचे नाव घेतो, त्याच्या पंचक्रोशीत वाढलेल्या मी आजवर एकही तमाशा पुढे बसून, आरंभापासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. तिकडे जाऊन सहा नाटके पाहिली, ती केवळ तिथे नाटके पुष्कळ आहेत म्हणून नव्हे. तिथे मी आधी ठरवून गेले होते आणि बसायची जागा स्वतः निवडली होती. या दोन गोष्टींवरच आज लिहायचे आहे.

आधी ठरवण्याविषयी. सुटीत नाटक पाहायचे तर ते उरलेल्या वेळात बसत नाही. आधी नाटक बसवावे आणि मग बाकीचा दिवस. लंडनच्या व्यावसायिक नाटकांचे आठवड्याला साधारणपणे आठ प्रयोग होतात. रात्रीचे प्रयोग बहुधा साडेसातला सुरू होतात आणि आठवड्यातून एकदोन दिवस दुपारीही प्रयोग असतो. उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे तिथे रात्री साडेसातला पडदा वर जातो, तेव्हा जुन्नरात रात्रीचे बारा वाजलेले असतात! नुकत्याच विमानातून उतरलेल्या माणसाने हे ध्यानात न घेता त्याच रात्रीचे तिकीट काढले, तर त्याला फार महागडी झोप मिळते. म्हणून पहिल्या चार दिवसांत मी फक्त दुपारचा प्रयोग ठेवला. नाटकाची संहिता मिळाली तर ती वाचून गेले. परक्या भाषेत कथानक शोधण्यात जो जीव जातो तो वाचला, आणि नट काय करतो आहे हे पाहायला डोळे मोकळे राहिले.

नेमके नाटक ठरलेले नसेल तर लेस्टर चौकात एक खिडकी आहे. तिथे १९८० सालापासून काही नाटकांची तिकिटे कमी दरात मिळतात. दोन नाटके आम्ही तशी पाहिली. मात्र ज्या नाटकासाठी जीव टाकला आहे, त्याचे तिकीट खिडकीच्या भरवशावर ठेवू नये.

आता जागेविषयी. आपल्याकडे तिकिटाच्या खिडकीवर 'प्लॅन' समोर सरकवला की आपण काय पाहतो? दर. पैसे असतील तर पुढची रांग, नसतील तर बाल्कनी. तिसरा विचार नाही. वास्तविक या विषयावर आपल्याच देशात फार जुने शहाणपण लिहून ठेवलेले आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहाची मापे दिली आहेत. माणसांसाठी मध्यम आकाराचे, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद प्रेक्षागृह योग्य, असे तिथे सांगितले आहे. कारणही दिले आहे: फार मोठ्या गृहात उच्चार अस्पष्ट होतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. त्या ६४ हातांतला निम्मा भाग प्रेक्षकांचा. हात म्हणजे दीड फूट धरला, तर शेवटच्या माणसापासून रंगपीठापर्यंतचे अंतर पन्नास फुटांच्या आसपासच राहते. शिवाय आसने पायऱ्यांसारखी चढती असावीत, असेही सांगितले आहे. पुढच्याच्या डोक्याचा त्रास भरतमुनींच्या काळीही असणार!

हा पन्नास फुटांचा हिशेब मी तिकडे उपयोगात आणला. संवादाचे नाटक असेल तर चेहरा दिसला पाहिजे. तिथे खालच्या मजल्यावर, मध्याजवळ, सातव्या-आठव्या रांगेच्या आतबाहेर जागा घ्यावी. अगदी पहिल्या रांगेत मान अवघडते आणि रंगमंच उंच असेल तर पावले दिसत नाहीत. नाचगाण्याचे नाटक असेल तर थोडे वर, पहिल्या सज्जात बसावे. पंचवीस माणसे एकत्र नाचताना जी आकृती बांधतात ती खालून दिसत नाही. खालच्या मजल्यावर फार मागे बसलो तर वरचा सज्जा डोक्यावर येतो आणि रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. अगदी वरच्या मजल्याचे जिने मात्र उभे असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिकडे फिरकू नये. एकदा भावाने घाईत स्वस्त तिकिटे काढली. त्यांवर 'दृष्टीस अडथळा' असे स्पष्ट छापले होते, पण ते वाचायचे आमच्याकडून राहिले. नाटकाचा निम्मा भाग आम्ही एका लोखंडी खांबाच्या सहवासात काढला. दोष नाटकगृहाचा नव्हता, न वाचणाऱ्यांचा होता.

इथवरचे सारे मी हिशेबाने केले. पण माझा हिशेब एका ठिकाणी चुकला, तो आईच्या बाबतीत.

पहिल्या नाटकाची तिकिटे काढताना भावाने प्लॅन आईपुढे धरला आणि विचारले, 'आई, कुठं बसायचं?' ती म्हणाली, 'मला काय कळतंय त्यातलं? कुठंबी मागं बसव.' मला वाटले, तिला पैशांची काळजी. म्हणून दुसऱ्या नाटकाला तिकिटे सारख्याच दराची आहेत असे सांगून पुन्हा विचारले. पुन्हा तेच. 'मागंच बरं. पुढं बसून काय करायचंय?'

त्या रात्री घरी आल्यावर मी तिला याविषयी छेडले, तेव्हा जे ऐकले ते मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हते. आई आंबेगाव तालुक्यातली. लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आली. दोन्हीकडे चैत्रातली जत्रा, सकाळी हजेऱ्या, बैलगाडे, कुस्त्या आणि रात्री तमाशा. पाहुण्यांच्या पंगती उठेपर्यंत बायका चुलीपाशी. मग भांडी. मग माडीच्या खिडकीत बसून जे कानावर येईल ते ऐकायचे. गण, गवळण, बतावणी, वग, सारे तिने ऐकले आहे. कित्येक वग तिला संवादांसह पाठ आहेत. कोणता सोंगाड्या कुठे थांबून हशा घेतो, हेही ती सांगते. 'पण पाह्यला एकबी नाय,' ती म्हणाली. 'पुढं खुर्च्या पंचांच्या न् पावण्यांच्या. मागं समदी गडीमाणसं. बाईमाणसानं कुठं बसायचं?'

जिला बसायलाच जागा नव्हती, तिच्यापुढे आम्ही जागा निवडायचा कागद धरला होता!

शेवटच्या आठवड्यात आम्ही थेम्स नदीकाठच्या ग्लोब नाटकगृहात गेलो. शेक्सपिअरच्या काळातल्या, १५९९ साली बांधलेल्या मूळ ग्लोबच्या धर्तीवर उभारलेले हे नाटकगृह १९९७ साली उघडले. मध्ये उघडे अंगण, भोवती तीन मजली लाकडी सज्जे. अंगणात सातशे माणसे उभी राहून नाटक पाहतात. तिथे बसायची मुभा नाही आणि पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. पण सर्वांत स्वस्त तिकीट त्याच अंगणाचे, आणि रंगमंचाच्या सर्वांत जवळही तेच. आईसाठी मी सज्जातले बाक घेतले होते. तिने वरून खाली पाहिले आणि विचारले, 'ती माणसं कोण हायेत?' मी सांगितले. म्हणाली, 'मग मलाबी तिथंच जाऊ दे. कांदं काढताना दिवसभर वाकून राह्यतो आपण. दोन-तीन तास उभं राह्यचं काय घेऊन बसलीस?' भावाने खिडकीवर जाऊन तिकिटे बदलून आणली. आई गर्दीतून वाट काढीत गेली आणि रंगमंचाच्या कडेवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. भाषेचा एक शब्द तिला कळत नव्हता. विदूषक तिच्यापासून चार हातांवर येऊन बोलला, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी हसली.

मला इथे इंग्रजांची आरती ओवाळायची नाही. त्यांच्या जुन्या नाटकगृहांत वरच्या स्वस्त सज्जासाठी वेगळे दार असे, ते बाजूच्या गल्लीत; गरिबाने पुढच्या दाराने येऊ नये म्हणून. प्राचीन अथेन्समध्ये पहिल्या रांगेतली संगमरवरी आसने पुरोहितांसाठी व मानकऱ्यांसाठी राखीव असत. मात्र त्याच अथेन्सने पुढे गरीब नागरिकांना नाटकासाठी सरकारी निधीतून पैसेही दिले. मानाची खुर्ची सगळीकडे आहे. ती आपल्या स्नेहसंमेलनातही आहे. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर जो बसतो, तो बहुधा अर्ध्यावर उठून जातो. माझे म्हणणे एवढेच की, जागा मानावरून ठरवायची नसते, डोळ्यांवरून आणि कानांवरून ठरवायची असते. आणि ती निवडण्याचा अधिकार सर्वांना असला पाहिजे.

'आपल्या लोकांना असे आधी ठरवून पाहणे जमत नाही,' असे कोणी म्हणेल, तर मी त्याला गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला घेऊन जाईन. तिथे फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे पंच येतात, कोणता फड, कोणता वग, नाचणाऱ्या कोण, सोंगाड्या कसा, याची चौकशी करतात. घासाघीस होते, सुपारी दिली जाते आणि जत्रेची तारीख पक्की होते. नाटक आधी ठरवण्याची इतकी पक्की रीत फार थोड्या ठिकाणी असेल. आख्खे गाव नाटक निवडते! उणीव एवढीच की, निवडणाऱ्यांत आणि पुढे बसणाऱ्यांत निम्मे गाव नसते.

यावर ठरलेले उत्तर येते: 'तमाशा बायकांनी पाहण्यासारखा नसतो.' हे उत्तर मला कधीच पटले नाही. ज्या रंगमंचावर बायका रात्रभर उभ्या राहतात, तो बायकांनी पाहू नये, यात कोणते तर्कशास्त्र? विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. २००२ साली त्या गेल्या. २००६ पासून त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. नाव गौरवायचे आणि तिची कला मात्र घरातल्या मुलीबाळींनी खिडकीआडून ऐकायची, हा मला ढोंगीपणा वाटतो. राहिला बतावणीतल्या द्वयर्थी बोलण्याचा प्रश्न. समोर कोण बसले आहे हे पाहून सोंगाड्या बोलतो. पुढच्या रांगांत आया-बहिणी बसल्या की त्याचे बोलणे आपोआप बदलेल, आणि माझा अनुभव असा की, आपल्या बायका विनोदाला तितक्या नाजूकही नाहीत. संगीत नाटकांनाही एके काळी घरंदाज स्त्रिया जात नसत. पुढे बालगंधर्वांच्या नाटकांना त्या जाऊ लागल्या आणि त्यांचे पाहून लुगडी नेसू लागल्या. नाटकाचे त्यात काही बिघडले नाही, भलेच झाले.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली गावच्या जत्रा कमिटीला: तमाशाच्या मैदानात रंगमंचासमोरची निम्मी जागा दोरी बांधून बायकांसाठी राखावी, एका कडेला नव्हे, समोर. आणि त्या रात्रीच्या पंगती पुरुषांनी वाढाव्यात. नाहीतर दोरीच्या आत बसायला कोणी मोकळे राहणार नाही. दुसरी आपल्या महाविद्यालयाला: दरवर्षी सहल निघते, तशी एक नाटकाची सहल निघावी. एकदा पुण्याला दुपारच्या प्रयोगाला, म्हणजे मुली दिवेलागणीच्या सुमारास घरी पोचतील आणि पालकांची तक्रार राहणार नाही. एकदा नारायणगावला, राहुट्या पाहायला आणि एक तमाशा गणापासून वगाच्या शेवटापर्यंत बघायला. जाण्याआधी वर्गात त्यावर तासभर बोलू. कोणी कुठे बसायचे तेही ठरवू. आणि जो मागे बसेल तो आपल्या आवडीने बसेल.

परवा आईने आपणहून विचारले, 'औंदा जत्रंला कुणाचा फड हाय?' आजवर हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. मग म्हणाली, 'मी घोंगडी घेऊन लवकर जानार. पुढं बसनार.' पंच काय म्हणतील ते म्हणोत, मी तिच्याशेजारी बसणार आहे. मैत्रिणींनो, घोंगडी मोठी आहे. तुमच्यासाठीही जागा धरून ठेवते. मात्र वेळेवर या.