पत्र्याला पांढरा सदरा

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या घरात बसून पाहा. पंखा फिरतो, पण वारा कसला, झळाच! जुन्या माळवदाच्या घरात मात्र आजी खुशाल डुलकी काढतात. माळवदावर मातीचा जाड थर असतो ना! ऊन त्यातून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते. पत्रा पडला पातळ. तो तापला की खालची माणसं भाजलीच. तुम्ही झाडाखाली पळाल हो, पण पाळण्यातलं बाळ कुठं जाईल?

मग नवा चकचकीत पत्रा घातला तर? ऊन परतवेल की! परतवतो, पण सगळं नाही. आणि जी उष्णता आत घेतो, ती लवकर सोडत नाही. प्रत्येक वस्तू न दिसणाऱ्या किरणांनी उष्णता बाहेर टाकत असते. चकचकीत धातू या बाबतीत भारी कंजूष! साधा चुना मात्र दोन्ही कामं करतो. ऊन परतवतो आणि उष्णताही भराभर सोडतो.

ही उष्णता जाते कुठं? बरीचशी थेट आकाशात! 8 ते 13 मायक्रॉन लांबीच्या लहरींना हवा फारशी अडवत नाही. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) हवेतली वाफ ही खिडकी थोडी लोटून घेते. म्हणून दमट कोकणापेक्षा कोरड्या कर्जत तालुक्यात हे काम चांगलं होतं. दुष्काळी हवेचा एवढा तरी फायदा! थंडीत पहाटे सायकलच्या सीटवर दव दिसतं, तेही यामुळंच. रात्रभर आकाशाकडं उष्णता सोडून सीट हवेपेक्षा गार झालेली असते.

भर उन्हात असं होईल? 2014 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आस्वथ रामन आणि सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. 97 टक्के ऊन परतवणारा त्यांचा थर उन्हातही हवेपेक्षा सुमारे 5 अंश गार राहिला, तोही विजेशिवाय! 2021 मध्ये पर्ड्यू विद्यापीठानं बेरियम सल्फेटचा 98.1 टक्के ऊन परतवणारा पांढरा रंग केला. चुन्याला एवढं जमणार नाही. शिवाय तो पावसात धुऊन जातो, दर उन्हाळ्यात पुन्हा द्यावा लागतो. पण पत्र्याचा ताप तो नक्की उतरवतो.

पडताळून पाहायचंय? पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एकाला मोठ्यांकडून चुना लावून घ्या, डोळ्यांत जाऊ देऊ नका. दोन्ही उन्हात पालथे घाला आणि तासाभरानं आतलं तापमान मोजा. छपरावर मात्र चढायचं नाही हं! आणि तापाचा थर्मामीटर नको, त्याचे आकडे 42 अंशांच्या आसपासच संपतात.