गोचीडताप गेला, मूत्रपिंडाचं काय?

आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या, कानाच्या घडीत एरंडीच्या बीएवढे टम्म गोचीड निघाले. अंगात ताप, हिरड्या पांढऱ्या आणि अंगणातल्या फरशीवर गडद तपकिरी लघवी. रक्ततपासणीत बबेसिया निघाला. इंजेक्शनानं ताप उतरला, शेरू जेवायला लागला. नागपुरात बहुतेक घरी उपचार इथंच थांबतात, आणि माझा आक्षेप यालाच आहे.

हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. सुटलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून जाताना तिथल्या बारीक नलिकांना इजा करतं; रक्त कमी झाल्यानं प्राणवायूही कमी पोचतो. त्याची बबेसिया गिब्सोनी ही जात तर फार चिवट. औषधानंतरही तो अंगात दबून राहू शकतो. रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मूत्रपिंडाचं जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत ते वाढत नाही. लघवीतलं प्रथिन त्याआधी बोलतं.

पशुवैद्यक विद्यापीठाचं मुख्यालय असलेल्या या शहरात गोचीडतापाच्या प्रत्येक कुत्र्याची लघवी तपासली गेलीच पाहिजे. डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली नाही, तर तुम्ही मागा. आणि घरी आल्यावर भिंतींच्या भेगाही बघा, गोचीड तिथेच अंडी घालतात.