चाचणी इथल्या गवताची हवी

पावसाचा जोर ओसरला की बांध, माळ आणि मोकळे प्लॉट गवताच्या तुऱ्यांनी भरतात आणि आपल्या दवाखान्यांत सकाळच्या सलग शिंका, डोळ्यांची खाज, रात्रीचा खोकला यांची गर्दी होते. अशा रुग्णाची ॲलर्जी चाचणी करताना एक प्रश्न आवर्जून विचारायला हवा: पॅनेलमध्ये गवत कोणते आहे?

काही तयार पॅनेलमध्ये गवत म्हणून फक्त टिमोथी असते. हे युरोपातल्या कुरणांचे गवत. 1911 मध्ये लंडनला लिओनार्ड नून यांनी परागज्वरावर लशीचा प्रयोग केला तो याच्याच परागांच्या अर्काने. पुढचे बरेच संशोधन टिमोथीवर झाले, आज त्याच्या जिभेखाली ठेवण्याच्या गोळ्याही मिळतात. पण आपल्या बांधावर असते ती हरळी. तिचे उपकुळ वेगळे. टिमोथीतले गट 5 चे प्रमुख प्रथिन हरळीत नसते. गट 1 चे प्रथिन दोघांत असले तरी त्यांचे साम्य अपुरे आहे. म्हणून टिमोथी निगेटिव्ह आली तरी हरळीची ॲलर्जी नाकारता येत नाही. उलट, अनेक वनस्पतींत आढळणाऱ्या प्रोफिलिनमुळे रक्ततपासणीत टिमोथी पॉझिटिव्ह दिसू शकते.

तेव्हा प्रिक टेस्टमध्ये हरळीचा अर्क असलाच पाहिजे. चाचणीआधी साधारण आठवडाभर अँटिहिस्टामिन बंद ठेवावे. पॉझिटिव्ह निष्कर्ष त्रासाच्या ऋतूशी जुळतो का, हे पाहावे. न जुळल्यास ते केवळ संवेदीकरण, आजार नव्हे. इम्युनोथेरपी किमान तीन वर्षांची असते. दमा आटोक्यात नसेल तर ती सुरू करू नये. प्रत्येक इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवावे आणि ॲड्रिनॅलिन हाताशी असावे.

गणपतीला दूर्वा वाहायच्या की नाहीत, असे रुग्ण विचारतील. दूर्वा म्हणजे हरळीच, पण पराग तिच्या तुऱ्यात असतात आणि पूजेला घेतात ते कोवळे अंकुर. पूजा थांबवायची गरज नाही. तुरे आलेल्या गवतातून दूर्वा खुडण्याचे काम मात्र घरातल्या दुसऱ्या कोणी करावे.

चुकीच्या गवतावर रुग्णाची तीन वर्षे आणि पैसा खर्ची पडणे आपल्या व्यवसायाला शोभत नाही. इम्युनोथेरपीचा कागद लिहिण्यापूर्वी अहवालात हरळीचे नाव शोधा. ते नसेल तर चाचणी पुन्हा करा.