पडदा आमचा, मालकी कुणाची?

उपेक्षितांचे चेहरे आता पडद्यावर दिसू लागले आहेत, हे कोणी नाकारणार नाही. २०१४ च्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटात नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते दिवंगत वीरा साथीदार यांनी लोकशाहिराची प्रमुख भूमिका केली आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण आमचा माणूस पडद्यावर आला म्हणजे आमचा आवाज आला काय? २०२३ मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या जीवनावर ‘ताली’ ही मालिका आली. जीवन गौरीताईंचे, भूमिका मात्र सुश्मिता सेन यांची!

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. बुंदेलखंडातील दलित स्त्रियांनी उभे केलेले ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र २००२ मध्ये सुरू झाले. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. मार्च २०२२ मध्ये, सोहळ्याच्या तोंडावर, याच स्त्रियांनी जाहीर निवेदन काढले की चित्रपटात दिसणारे आमचे काम अपुरे आणि एकांगी आहे. चित्रपट जगभर गेला, पण त्याची अंतिम जुळणी त्यांच्या हाती नव्हती. प्रश्न दिग्दर्शकाच्या हेतूचा नाही, अधिकाराचा आहे.

मग दुसरी वाट आहे काय? आहे, आणि ती मराठी मुलखातच पडलेली आहे. १९८० मध्ये दीपा धनराज आणि सहकाऱ्यांनी ‘युगांतर’ हा गट स्थापन केला. पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेसोबत त्यांनी १९८१ मध्ये ‘मोलकरीण’ हा माहितीपट केला. पाठोपाठ सीमाभागातील निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांसोबत काही महिने राहून दुसरा चित्रपट केला. काय दाखवायचे, हे त्या स्त्रियांशी चर्चा करून ठरले. तयार झालेले चित्रपट कामगारांच्या बैठकांतून दाखवले गेले. बाहेरच्या जगात पाहायचे तर कॅनडातील इन्युइट आदिवासींनी १९९० मध्ये स्वतःची ‘इसुमा’ ही निर्मिती संस्था काढली. त्यांच्या ‘अटानारजुआट’ला २००१ मध्ये कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. निर्माते तेच, म्हणून निर्णयही त्यांचाच.

निर्माता कोण, यावर आम्ही भर देतो त्याला कायद्याचे कारण आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. ज्याने जीवन सांगितले, गाणे गायले, गाव उघडे करून दाखवले, तो या व्याख्येत बसत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला व्यापारी वापरात रॉयल्टीचा हक्क दिला. पण त्याच दुरुस्तीत एक मेख आहे. ज्याचे काम किरकोळ आहे आणि ज्याचे नाव धंद्याच्या रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत येत नाही, त्याला या हक्कापुरते कलावंतच मानले जात नाही. म्हणजे पडद्यावरची नावाची एक ओळ केवळ मानाची नसते, ती पुराव्याची असते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच, असे कायदा म्हणतो. हे ठाऊक नसलेला माणूस कोऱ्या कागदावर अंगठा देतो आणि आपली कथा कायमची गमावून बसतो.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, निहाल, भिलाला यांची गावे आहेत. जिल्ह्यात पारधी वस्त्याही आहेत. १८७१ च्या कायद्याने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, लोकांच्या नजरेतून पुसला नाही. या वस्त्यांवर कॅमेरा घेऊन कोणी आला तर आमच्या कार्यकर्त्यांनी चार गोष्टी मागाव्यात. करार त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा. सहभागी तरुण स्वमग्न असेल तर त्याला समजेल अशा रीतीने आणि त्याच्या सवडीने. प्रत्येकाचे नाव श्रेयनामावलीत यावे. अंतिम जुळणीआधी चित्रपट वस्तीत दाखवावा आणि आक्षेप ऐकावा. उत्पन्नातील वाटा आकड्यात लिहावा.

आज मोबाइलवर चित्रीकरण होते. तेव्हा आमच्या मुलांनी केवळ पात्र होऊन थांबू नये. सहकारी संस्था काढून निर्माता व्हावे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, कारण दुसऱ्याच्या पत्रात आपल्याला किती जागा मिळते हे त्यांना ठाऊक होते. पडद्याचा हिशेब याहून वेगळा नाही.