हेतूचा पुरावा कोणी द्यायचा?

शिकागोजवळच्या आर्लिंग्टन हाइट्स या उपनगरात अल्प उत्पन्नाच्या गोऱ्या व कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी 190 घरे बांधायची होती. 1970 च्या जनगणनेनुसार तेथील 64 हजारांवर लोकांत कृष्णवर्णीय होते फक्त 27! शेजारी खवळले. ही जागा एककुटुंबी घरांची आहे, आमच्या घरांच्या किमती उतरतील, असे त्यांचे म्हणणे. 1971 मध्ये नगरमंडळाने परवानगी नाकारली. 1977 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : परिणाम विषम झाला एवढे पुरेसे नाही, वर्णद्वेषाचा हेतू सिद्ध करा.

पण मनातला द्वेष ठरावात कोण लिहील? आपल्याकडेही 'तुमची जात नको' असे तोंडावर म्हणत नाहीत. 'फ्लॅट गेला' म्हणतात.

मात्र आपला कायदा पुढे आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 च्या कलम 4 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे गुन्हा आहे. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कलम 12 प्रमाणे ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच घडले, असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे!

हे शस्त्र गंजत पडले आहे. घर नाकारले की आपले बांधव मुकाट दुसरी वस्ती शोधतात. आम्ही म्हणतो, आधी तक्रार नोंदवा!