समान वाटणीचा भ्रम

संगणकाच्या पडद्यावर अनेक चौकटी उघडल्या की प्रत्येकीला सारखी जागा द्यावी, हा नियम निःपक्षपाती समजला जातो. माझ्या मते तो निःपक्षपाती नसून केवळ निर्णय टाळणारा आहे.

१९८१ साली झेरॉक्सच्या ‘स्टार’ या संगणकाने कामाच्या चौकटी एकमेकींवर येऊ दिल्या नाहीत. त्या बाजूला सारण्यातच माणसाचा वेळ जातो, असे त्याच्या रचनाकारांना आढळले होते. १९८५च्या पहिल्या ‘विंडोज’मध्येही चौकटी फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसत, १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या. तेव्हापासून वाद चालतो तो शेजारी की वरखाली एवढाच. मुख्य काय आणि गौण काय, हा खरा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेल्या आणि १९६६ साली पुऱ्या केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संहिता वर आहे, पाठभेद खाली. ही विभागणी म्हणजे संपादकीय निवाडा होय. त्यामागची तत्त्वे प्रस्तावनेत सकारण मांडलेली आहेत, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालता येतो. पडद्यावरच्या नियमाला अशी प्रस्तावना नसते.

परिणाम पाहा. कविता, अनुवाद, शब्दकोश आणि टिपणे अशा चार चौकटी उघडल्या की पडद्याचे चार सारखे तुकडे होतात. मग कवितेची ओळ कवीने तोडली तिथे न तुटता चौकट संपते तिथे तुटते. विद्यार्थी त्या खोट्या ओळींवरून लयीची चर्चा करू लागतो. एखादा शब्द पाहण्यासाठी कोश उघडावा, तर कविताच जागची हलते आणि डोळ्यांनी लक्षात ठेवलेली खूण हरवते.

‘ज्याला हवी त्याने मांडणी बदलून घ्यावी’ हे उत्तर पुरेसे नाही. रोज चौकटी सरकवण्यात जाणारा वाचनाचा वेळ कोणी भरून द्यायचा? ‘स्टार’च्या रचनाकारांना हेच तर टाळायचे होते.

म्हणून नियम असे असावेत: मूळ पाठाची रुंदी त्याच्या सर्वांत लांब ओळीहून कमी होऊ नये, नवी चौकट आली तरी वाचकाने सांगितल्याशिवाय जुनी हलू नये, टीप आपल्या पाठाच्या लगतच राहावी, आणि मुख्य चौकट कोणती, हे वाचकाने एकदा ठरवले की ते कायम राहावे.

मांडणी हे भाष्यच असते. ते कोणी केले हे कळत नसेल, तर वाचक त्याच्याशी असहमत तरी कसा होणार?